शेवंतीचं ना-हरकत पत्र

हरिश्चंद्र गोरिवले जाऊन आठ महिने झाले, तरी घरपट्टीचं बिल त्यांच्याच नावाने येत राहिलं. जिवंतपणी या माणसाने एक बिल मुदतीबाहेर जाऊ दिलं नव्हतं. आता गेल्यावरही त्याच्यामागे तगादा लावायचा, हे गिरिजाबाईंना पटेना. बिल वाटायला आलेल्या माणसाला त्यांनी दारातच विचारलं, की वसुलीला तुमच्यातला कोण वर जाणार आहे. तो बिचारा ओशाळला. म्हणाला, आजी, नाव बदलून घ्या, सोपं आहे, एक अर्ज द्यायचा.

हे ‘सोपं आहे’ गिरिजाबाईंनी खरं मानलं. या सगळ्या प्रकरणात त्यांच्याकडून झालेली चूक ती एवढीच. पुढचं सगळं दुसऱ्यांनी केलं.

मुलगा सुभाष म्हणाला, की शनिवारी अर्धी सुट्टी टाकतो आणि जाऊन येतो. सुभाष अंधेरीला एका कंपनीत स्टोअरकीपर. त्याला साधा गॅसचा नंबर लावायला सांगितला, तर लावून आल्यावर पावती तिथेच विसरून येणारा माणूस. गिरिजाबाईंनी त्याला त्याचा शनिवार परत दिला. लालबागला असताना रॉकेलच्या रांगेत त्यांनी वीस वर्षं काढली होती, आणि त्या रांगेत कुणाची छाती नव्हती त्यांच्या पुढे घुसायची. आता भाईंदरला आलो म्हणून काय हात-पाय गळाले? त्यांनी ठेवणीतलं पातळ नेसलं, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड आणि बिल प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि सून मंदाला सांगितलं, की जेवायच्या वेळेपर्यंत येते.

घरपट्टीच्या ऑफिसात नुकतेच कॉम्प्युटर आले होते. खिडकीमागे रुचिता नावाची एक मुलगी बसायची. वय असेल पंचवीस, पण साठीची माणसंही तिला मॅडम म्हणत. तिच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. उर्मट माणसाला सरळ कसं करायचं हे गिरिजाबाईंना चांगलं ठाऊक होतं. ही मुलगी मऊ आवाजात, कॉम्प्युटरकडे बघत, एकेक कागद मागायची आणि तो आपल्याकडे नाही म्हटलं, की तितक्याच मऊ आवाजात पुढच्या माणसाला हाक मारायची. भिंतीशी कोण भांडणार? तिने सांगितलं, की सोसायटीचं पत्र आणा, सभासद वारले आणि जागा अमुक वारसाच्या नावे केली, असं.

केबिन रोडच्या मागे गोरिवल्यांची बिल्डिंग. तिचे सेक्रेटरी रोशनभाई. माणूस मनाचा भला. सोसायटीचे कागद त्याने एका लोखंडी पेटीत तारखेप्रमाणे लावून ठेवलेले. हरिश्चंद्रांनी एक्याण्णव साली भरून दिलेला वारसाचा फॉर्म त्याने पाच मिनिटांत काढला, चष्मा लावून वाचला, आणि मग चष्मा काढून पुसायला लागला. चष्मा स्वच्छच होता.

“भाभी,” शेवटी तो म्हणाला, “ये शेवंती कौन है?”

फॉर्मवर हरिश्चंद्रांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: शेवंती हरिश्चंद्र गोरिवले, पत्नी, वय शेहेचाळीस. सगळी जागा तिच्या नावे.

गिरिजाबाई म्हणाल्या, की मीच. रोशनभाईने रेशनकार्ड बघितलं. तिथे होतं: गिरिजा हरिश्चंद्र गोरिवले. त्याने फॉर्म बघितला, कार्ड बघितलं, मग खिडकीतून बाहेर बघितलं.

आता हे त्याला कसं समजावायचं? कोकणात नवी नवरी सासरी आली, की ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात तिचं नवीन नाव लिहितो. एकसष्ट साली, रत्नागिरीच्या एका वाडीत, विठू पाष्ट्यांची शेवंती उंबरठा ओलांडून आत आली आणि पाच मिनिटांत गिरिजा झाली. नाव सासूने ठरवलं. शेवंती हे नाव सासूला हलकं वाटायचं. देवाला वाहायचं आणि दुसऱ्या दिवशी टाकून द्यायचं, तसलं. त्या दिवसापासून ती हाक कुणी मारली नाही. हरिश्चंद्रांनी तर दोन्ही नावांनी मारली नाही. त्यांचं सगळं ‘अगं’ आणि ‘ऐकलंस का’वर भागलं, चव्वेचाळीस वर्षं.

रोशनभाईने सगळं ऐकून घेतलं. मान डोलावली. त्याच्याही आत्याचं नाव लग्नात बदललं होतं म्हणे. पण तांदळाच्या ताटाची झेरॉक्स कुठे मिळते, असं त्याने विचारलं नाही, एवढीच त्याची माणुसकी. वर त्याने बोटांवर हिशेब केला. फॉर्मप्रमाणे ही शेवंती आज एकसष्टची. कार्डाप्रमाणे गिरिजा पासष्टची. नाव वेगळं, वयही वेगळं. भाभी, मी काय लिहू?

संध्याकाळपर्यंत बिल्डिंगला कळलं, की गोरिवलेकाकांची आणखी एक बायको आहे, आणि ती चार वर्षांनी लहान आहे.

हंसाबेन समोरच्या दारातल्या. त्या डब्यात खाकरे घेऊन आल्या आणि गिरिजाबाईंचा हात हातात घेऊन बसल्या, जसं कुणी नव्याने गेलं आहे. त्यांचं म्हणणं, की पुरुषाची जात, त्यात छापखान्याची दुसरी पाळी, कोण बघायला गेलंय. पण आता मन मोठं करा, त्या बाईला बोलावून घ्या, समोरासमोर बसून मिटवा. पहिल्या मजल्यावरच्या वासंतीताईंनी सांगितलं, की बोलावू वगैरे नका, सरळ वकील करा, नाहीतर ती पोरंबाळं घेऊन येईल. तळमजल्याच्या शिवाने, जो स्वतःच्या भावाशी तीन वर्षं कोर्टात भांडत होता, दोन्हींत तथ्य आहे असं सांगून आपल्या वकिलाचं कार्ड दिलं. गिरिजाबाईंनी खाकऱ्याचा डबा धुऊन परत केला, त्यात वाटीभर साखर घालून, आणि हंसाबेनना शांतपणे सांगितलं, की माझा नवरा छापखान्यात कंपोझिटर होता. चाळीस वर्षं त्याने जगाची नावं अक्षराचा एकेक शिशाचा खिळा उचलून जुळवली. तो चुकायचा नाही आणि लपवायचाही नाही.

बोलून झालं. पण दार लावून आत आल्यावर त्यांना तेच वाक्य टोचायला लागलं. तो माणूस चुकायचा नाही. मग वय? गिरिजाबाईंचं वय एक्याण्णव साली पन्नास होतं. हरिश्चंद्रांनी शेहेचाळीस का लिहावं? चुकले नसतील, तर शेहेचाळीस वर्षांची शेवंती ही कोण?

दोन दिवस गिरिजाबाईंनी नवऱ्याच्या फोटोला हार घातला नाही. मंदाने विचारलं तर म्हणाल्या, फुलं चांगली नव्हती. तांदूळ निवडताना, कपडे वाळत घालताना, त्या मनातल्या मनात त्या माणसाची उलटतपासणी घेत होत्या: पाळी संपायची कधी, यायचा कधी, मधला वेळ कुठे जायचा. घराचं त्यांना तेवढं नव्हतं. घर सुभाषचं होतंच, आज ना उद्या. पण आपण ज्याच्यासाठी चव्वेचाळीस वर्षं चूल फुंकली, त्याने कागदावर बायको म्हणून दुसरीच लिहिली असेल, तर आपण कोण होतो? कामवाली?

तिसऱ्या दिवशी दुपारी, भाकरी थापता थापता, त्यांचा हात थांबला. पन्नासातून शेहेचाळीस गेले, राहिले चार. चार. हा आकडा त्यांच्या ओळखीचा होता.

एकसष्ट साली स्थळ आलं तेव्हा शेवंती वीस वर्षांची होती. मुलगा एकोणीसचा. नवऱ्या मुलीपेक्षा नवरा लहान, हे वाडीत कुणी ऐकून घेतलं नसतं. विठू पाष्ट्यांनी पाहुण्यांसमोर डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, की पोरगी सोळाची आहे. आतल्या खोलीत शेवंतीने ते ऐकलं आणि तोंड मिटून घेतलं. ते मिटलेलं तोंड तिने नवऱ्यापाशीही उघडलं नाही. तो बिचारा जन्मभर तेच धरून बसला असणार. म्हणून शेहेचाळीस.

म्हणजे ती शेवंती मीच. गिरिजाबाईंनी करपलेली भाकरी तव्यावरून काढली आणि हात धुऊन आधी फोटोला हार घातला. थोडा मोठाच. मात्र हे ऑफिसात कुठल्या तोंडाने सांगायचं? ज्या एका गोष्टीने आपण खऱ्या ठरतो, तीच सांगितली तर बाप खोटा ठरतो.

तेवढ्यात सोसायटीच्या वकिलाने सुचवलं, की पेपरात जाहीर नोटीस द्या. दिली. ‘शेवंती हरिश्चंद्र गोरिवले किंवा सदर जागेत हक्क सांगणाऱ्या कुणीही चौदा दिवसांत हजर राहावे, नंतर तक्रार चालणार नाही.’ जगात त्या नोटिशीला उत्तर देऊ शकेल अशी एकच बाई होती, आणि नोटिशीचा खर्च तिनेच केला होता.

अकराव्या दिवशी बिल्डिंगच्या फाटकाशी एक म्हातारी उभी राहिली. डोक्यावर मासळीची रिकामी टोपली, कानात सोन्याच्या जड कुड्या, पदर कमरेला खोचलेला. तिने वॉचमनला विचारलं, की गोरिवले कुठे राहतात, मी शेवंती. वॉचमनने ते रोशनभाईला सांगायच्या आधी तीन मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या.

गिरिजाबाईंनी दार उघडलं.

“माझा नाव शेवंती हाय,” म्हातारी म्हणाली. “मुर्ध्याशी आले. भाच्यानी पेपर वाचून दाखवला. शेवंतीनी हजर व्हावा, असा सांगलंय. सरकारनी बोलावला तर न्हाय कसा म्हनायचा?”

“आत या,” गिरिजाबाई म्हणाल्या.

तिचा नवरा हरिश्चंद्र नव्हता, आणि गोरिवले तर नव्हताच. तिला घरही नको होतं. तिचं मुर्ध्याला खाडीकाठी स्वतःचं होतं आणि बिल्डरला दाद देत नव्हती ती. तिला फक्त काळजी होती, की आपण गेलो नाही तर आपल्या नावावर काहीतरी चढेल. गिरिजाबाईंनी तिला चहा केला. तिने खाली बसून बशीत ओतून प्याला. उठताना तिने विचारलं, की मग ती खरी शेवंती हाय तरी कोन? गिरिजाबाई म्हणाल्या, मीच. म्हातारीने त्यांच्याकडे नीट बघितलं, तोंडभर हसली आणि म्हणाली, “मंग कवाधरना शोधता तिला?”

म्हातारी गेली. खाली हंसाबेन कुणाला तरी सांगत होत्या, की चहा पाजला हां, केवढं काळीज त्या बाईचं.

चौदा दिवस संपले. कुणाची हरकत आली नाही. रोशनभाईने पत्र दिलं, पण त्यात दोन्ही नावं लिहिली आणि ‘असे समजते’ हे शब्द घातले. ते पत्र घेऊन गिरिजाबाई रुचितासमोर उभ्या राहिल्या. रुचिताने ते दोनदा वाचलं आणि मऊ आवाजात म्हणाली, की शेवंती आलेली नाही, तर तिचा मृत्यूचा दाखला आणा. किंवा तिचं ना-हरकत पत्र.

“अगं, शेवंती मीच,” गिरिजाबाई म्हणाल्या.

“हो आजी. मग तसं पत्र द्या. शेवंतीची सही करून.”

तर गिरिजाबाई घरी गेल्या आणि शेवंतीने गिरिजेला ना-हरकत पत्र दिलं. सुभाषने मजकूर लिहिला. सही करायला त्यांना अर्धा तास लागला. गिरिजा ही सही त्या सुभाषच्या पहिलीच्या पाटीवरून शिकल्या होत्या, सुभाषच्या शेजारी बसून, त्याला मारत मारत. शेवंती हे नाव मात्र त्यांनी वाडीच्या शाळेत दुसरीत गिरवलं होतं, आणि शाळा सुटल्यावर पुन्हा कधी लिहिलं नव्हतं. मोठी, वाकडी, उतरणीला लागलेली अक्षरं आली. पण आली.

रुचिताने दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या. म्हणाली, की या वेगवेगळ्या आहेत, म्हणजे माणसं दोन आहेत असं दिसतं. गिरिजाबाईंनी विचारलं, की सारख्या असत्या तर? रुचिताने थोडा विचार केला. ती मुलगी खोटं बोलणारी नव्हती. “मग एकीने दुसरीची सही केली, असं झालं असतं,” ती म्हणाली.

त्या दिवशी गिरिजाबाई खिडकीवरच हात टेकून उभ्या राहिल्या. मागची माणसं चुळबुळली. त्या म्हणाल्या, की बाई गं, मला एकदाच सांग, मी मीच आहे हे तुला कशाने पटेल? रुचिताने पहिल्यांदा कॉम्प्युटरवरून नजर काढली. तिने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, की स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करा. दोन्ही नावांखाली अंगठा लावा. अंगठा सारखाच येतो. आणि वयात फरक का, तेही लिहा.

अंगठा. गिरिजाबाईंच्या आईने अंगठा लावला, सासूने लावला. गिरिजाबाई दुसरीच शिकलेल्या, पण बँकेत असो, मतदानाला असो, शाईच्या पॅडकडे त्यांनी कधी बोट नेलं नव्हतं. कुणी पॅड पुढे केलं, तर त्याच्याकडे अशा बघायच्या, की तो मुकाट्याने पेन काढायचा. पासष्टाव्या वर्षी, सही येत असताना, अंगठा. आणि बापाचं खोटं, स्टॅम्पपेपरवर.

शनिवारी सुभाष आणि मंदा बरोबर आले. नोटरी एका झेरॉक्सच्या दुकानात टेबल टाकून बसायचा. त्याने प्रतिज्ञापत्र मोठ्याने वाचलं, कारण नियम तसा होता. ‘मी, गिरिजा ऊर्फ शेवंती, सत्य प्रतिज्ञेवर कथन करते, की माझे विवाहसमयी माझे वडील विठू पाष्टे यांनी माझे वय चार वर्षे कमी सांगितले होते…’ झेरॉक्स काढायला आलेल्या दोन माणसांनी माना वळवल्या. गिरिजाबाई समोरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या.

मंदाचा हिशेब पक्का होता. “आई,” तिने हळूच विचारलं, “म्हणजे तुम्ही बाबांपेक्षा मोठ्या?”

“एका वर्षाने.”

“आणि बाबांना कळलंच नाही?”

गिरिजाबाईंनी मान हलवली. नाही कळलं. आपण कळू दिलं नाही.

सुभाष मात्र रेशनकार्ड हातात घेऊन उभा होता. हे कार्ड नव्वद साली झालं, लालबाग सोडून इथे आलो तेव्हा, तो म्हणाला. इन्स्पेक्टर घरी आला तेव्हा बाबा कामावर होते, वयं तूच सांगितलीस. पण कार्ड आणायला बाबा गेले होते. मी बरोबर होतो. त्यांनी तिथेच बाकावर बसून अक्षर न् अक्षर तपासलं, बोट फिरवत, प्रूफ बघतात तसं. खोली नंबर चुकला होता, तो परत रांगेत उभं राहून बदलून घेतला.

तो बोलायचा थांबला, कारण आई खुर्चीवर बसली होती.

नव्वद साली हरिश्चंद्रांनी ते कार्ड वाचलं. गिरिजा, वय एकोणपन्नास, हेही वाचलं. घरी आले, कार्ड कपाटात ठेवलं, चहा मागितला. आणि पुढच्या वर्षी सोसायटीचा फॉर्म भरायला बसले, तेव्हा त्यांनी शेवंती लिहिलं आणि शेहेचाळीस लिहिलं. सासऱ्याने सांगितलं होतं तसं. सगळं ठाऊक असून.

नोटरीने शाईचं पॅड पुढे केलं. या वेळी गिरिजाबाईंनी त्याच्याकडे तसं बघितलं नाही. त्यांनी डावा अंगठा पॅडवर दाबला आणि आधी शेवंतीच्या नावाखाली लावला, मग गिरिजेच्या. नोटरीने पुसायला फडकं दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

तीन आठवड्यांनी हस्तांतरणाचा आदेश तयार झाला. सुभाषने या खेपेला सुट्टी घेतली होती. खिडकीतच त्याने कागद उघडला, आणि त्याचा आवाज चढला. कागदावर होतं: जागेचे संयुक्त धारक, एक, श्रीमती गिरिजा हरिश्चंद्र गोरिवले, दोन, श्रीमती शेवंती हरिश्चंद्र गोरिवले. इतकं सगळं करून शेवटी दोन बायका त्या दोनच. सुभाषने खिडकीच्या फळीवर हात आपटला. रुचिता गांगरली. तिने सांगितलं, की कॉम्प्युटरमध्ये ‘ऊर्फ’ला जागाच नाही. दोन नावं आली, की तो दोन माणसं धरतो. पण दुरुस्ती होते. दोघींपैकी एकीने हक्क सोडल्याचा फॉर्म भरायचा, की एकच नाव राहील. फॉर्म तिच्याकडे होता. तिने तो पुढे सरकवला आणि स्वतःच पेन उघडून धरलं, बहुतेक म्हातारीला त्रास नको म्हणून.

“सांगा आजी. हक्क कोण सोडतंय?”

गिरिजाबाईंनी फॉर्मकडे बघितलं. मागे रांग लांबली होती आणि पंखा कुरकुरत होता. सुभाष म्हणाला, आई, शेवंतीला काढून टाक, सगळीकडे गिरिजाच आहे, सोपं पडेल.

“गिरिजेने त्यांचं सगळं केलं,” गिरिजाबाई म्हणाल्या. त्या सुभाषशी बोलत नव्हत्या आणि रुचिताशीही नाही. “दुखणं काढलं, अंथरूण धुतलं. ती कशी जाईल? आणि घर त्यांनी शेवंतीला दिलंय. तिला मी कुठल्या तोंडाने बाहेर काढू?”

रुचिताचं पेन तसंच वर राहिलं. तिला कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते कळेना.

“मग काय लिहू, आजी?”

“काही लिहू नकोस,” गिरिजाबाई म्हणाल्या. फॉर्म त्यांनी बोटाने परत खिडकीच्या आत सरकवला, आदेशाची घडी केली आणि ब्लाउजमध्ये, चावीच्या शेजारी ठेवली. “वन रूम किचन आहे. दोघी राहतो आम्ही.”